फुकट, मोफत आणि मुक्त : संगणकावरील विनामूल्य खेळांचा लेखाजोखा

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण मराठी माणसाने बहुधा स्वतःलाच हसण्यासाठी तयार केली असावी. विनामूल्य वस्तूची ओढ आणि तिच्याविषयीचा छुपा संशय, दोन्ही तीत आहेत. संगणकावरील व मोबाइलवरील खेळांचा विचार करताना या दोन्हींची गरज पडते. कारण 'मोफत' या एकाच पाटीखाली अगदी निरनिराळ्या जातीचे खेळ घराघरांत शिरलेले आहेत. काही खेळ संगणकाबरोबर आपसूक येतात, काही नमुन्यादाखल मिळतात, काही चोरून उतरवलेले असतात, काहींची किंमत मागाहून वसूल होते आणि काही मात्र खरोखरच कोणाकडून काहीही न घेता दिलेले असतात. इंग्रजीत किंमत नसलेल्या आणि बंधन नसलेल्या वस्तूला एकच शब्द असल्याने तेथे हा घोटाळा अधिक होतो. मराठीत 'मोफत' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. हा भेद भाषेने आयताच दिलेला असताना खेळ निवडताना तो फारसा कोणी वापरत नाही.

भंडारा जिल्ह्यासारख्या ठिकाणी या भेदाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी अशा सात तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख ३३४ इतकी नोंदवली गेली आणि त्यांतील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी होती. धान, पितळेची भांडी, तलाव आणि मँगेनीजच्या खाणी ही या जिल्ह्याची ओळख. मोठ्या शहरांतील दुकानांत हजार-दोन हजार रुपयांना मिळणारा संगणकीय खेळ विकत घेणारे घर येथे नेहमीच अपवादाचे राहिले. त्यामुळे येथील मुलांनी, आणि मोठ्यांनीही, जे काही खेळ पाहिले ते जवळजवळ सगळे विनामूल्यच होते. त्यांतून त्यांना काय मिळाले आणि त्यांच्याकडून काय गेले, हे पाहण्याजोगे आहे.

वेतनवाढ आणि पत्ते

महाराष्ट्रात सामान्य माणसाची संगणकाशी पहिली ओळख करून देण्याचे मोठे श्रेय 'एमएस-सीआयटी' या अभ्यासक्रमाला द्यावे लागते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये तो सुरू केला आणि त्याची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर तरुणांच्या बरोबरीने चाळिशी ओलांडलेले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि कारकूनही या केंद्रांच्या पायऱ्या चढू लागले. परीक्षा न दिल्यास वेतनवाढ रोखली जाण्याची धास्ती अनेकांना होती. ज्यांनी आयुष्यभर शाईचे पेन वापरले, त्यांच्या हातात आता माऊस आला. तो टेबलावर सरकवला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळे.

अशा वेळी उपयोगी पडत असे तो पत्त्यांचा खेळ, सॉलिटेअर. मे १९९० मध्ये बाजारात आलेल्या 'विंडोज ३.०' बरोबर मायक्रोसॉफ्टने तो दिला. वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याने तो लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रे सुझन केअर यांनी काढली होती. चेरी यांना त्याचे मानधन कधीच मिळाले नाही. साहेब मागे येऊन उभे राहिले तर एक कळ दाबून पडद्यावर हिशेबाचा खोटा तक्ता आणण्याची सोयही त्यांनी मूळ खेळात केली होती. कंपनीने ती काढायला लावली. जगभरातील कचेऱ्यांचे त्यामुळे किती नुकसान झाले, हे सांगणे कठीण आहे.

खेळ करमणुकीचा असला तरी त्यात शिकवणी दडलेली होती. पत्ता दाबून धरायचा, तसाच ओढत न्यायचा आणि योग्य जागी सोडायचा, ही क्रिया पुढे फायली हलवताना, मजकूर निवडताना, चित्र काढताना हरघडी लागते. १९९२ च्या 'विंडोज ३.१' मध्ये आलेल्या 'माइनस्वीपर'ने माऊसच्या डाव्या व उजव्या कळांमधला फरक बोटांना शिकवला. धड्यात वाचून जे जमत नाही ते दहा डाव हरल्यावर जमू लागते. शिवाय येथे हरण्याची लाज नाही. संगणक कोणाला सांगत नाही. प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही बाब लहान नव्हे.

'विंडोज ९५' बरोबर घराघरांत गेलेल्या 'फ्रीसेल'ची हकिकत आणखी रंजक आहे. त्यात क्रमांक दिलेले ३२ हजार डाव होते. हे सगळे डाव सुटतात का, असा प्रश्न काही हौशी मंडळींना पडला. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरून एकत्र आलेल्या शंभरावर लोकांनी डाव वाटून घेतले आणि एकेक करून सोडवले. अखेरीस क्रमांक ११९८२ चा एकच डाव उरला, जो कोणालाही सुटला नाही. पुढे संगणकाकडून केलेल्या तपासणीतही तो सुटत नसल्याचेच निष्पन्न झाले. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत.

या खेळांचे पुढे काय झाले, हे त्याहून बोलके आहे. २०१२ च्या 'विंडोज ८' मध्ये ते संगणकाबरोबर येणे बंद झाले. २०१५ च्या 'विंडोज १०' मध्ये सॉलिटेअर परतले ते जाहिराती घेऊन. जाहिराती नको असतील तर वर्गणी भरावी, अशी सोय होती. पत्ते तेच, नियम तेच, 'मोफत' ही पाटीही तीच. मधल्या पंचवीस वर्षांत त्या पाटीचा अर्थ मात्र बदलला होता.

सीडी, चोरी आणि झपाक

ज्या काळात दूरध्वनीच्या तारेवरून मिनिटामिनिटाच्या दराने इंटरनेट चाले, त्या काळात विनामूल्य खेळ महाजालावरून उतरवून घेणे परवडत नसे. ते येत 'डिजिट', 'चिप' यांसारख्या इंग्रजी मासिकांसोबतच्या सीडींवरून. त्यांत बरेच खेळ नमुन्याचे असत. पहिला भाग फुकट, पुढचे भाग विकत, ही पद्धत १० डिसेंबर १९९३ रोजी आलेल्या 'डूम'ने जगभर गाजवली होती. तिच्यात एक सरळपणा होता: नमुना कोठे संपतो आणि दुकान कोठे सुरू होते, हे खेळणाऱ्याला स्पष्ट कळे.

त्याच काळात संगणकावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'डेंजरस डेव्ह', 'रोड रॅश' हे खेळ भरून मिळत. ते कोणी भरले, कोठून आणले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. बहुतेक प्रती चोरीच्या होत्या आणि सोबत विषाणूही येत. या फुकटाला नाव ठेवण्याआधी एवढे मान्य केले पाहिजे की, ते खेळ अधिकृतपणे विकत घ्यायचे म्हटले तरी जिल्ह्याच्या गावी त्यांचे दुकान नव्हते.

सायबर कॅफे आले तसे ब्राउझरमध्येच चालणारे खेळ आले. २००६ मध्ये रिलायन्स एंटरटेनमेंटने मुंबईहून 'झपाक' हे संकेतस्थळ सुरू केले. क्रिकेटपासून कोड्यांपर्यंत शेकडो छोटे खेळ तेथे विनामूल्य मिळत आणि खर्च जाहिरातींवर चाले. हे खेळ 'फ्लॅश' या तंत्रावर उभे होते. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला पाठिंबा देणे थांबवले आणि एका पिढीचे खेळ एका रात्रीत ब्राउझरमधून नाहीसे झाले. 'फ्लॅशपॉइंट' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने त्यांपैकी लाखाहून अधिक खेळ जतन केले आहेत. ज्या वस्तूवर आपला काहीच हक्क नाही ती दिली तशी परतही घेतली जाते, हा धडा फ्लॅशने अनेकांना शिकवला.

बारा तासांत पिकणारा भात

त्याच ३१ डिसेंबर २०२० या दिवशी आणखी एका खेळाचा पडदा पडला. 'फार्मव्हिल' हे त्याचे नाव. झिंगा या अमेरिकी कंपनीने जून २००९ मध्ये फेसबुकवर तो आणला आणि वर्षभरात त्याचे महिन्याला खेळणारे लोक आठ कोटींच्या घरात गेले. भंडाऱ्याच्या वाचकाला या खेळाकडे पाहताना गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. येथील शेतकरी मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकतो, आषाढ-श्रावणात चिखलात उभे राहून रोवणी करतो, मामा तलावाच्या पाण्याची पाळी सांभाळतो, तेव्हा कोठे दिवाळीच्या आगेमागे बांधीतला धान कापणीला येतो. फार्मव्हिलमध्ये स्ट्रॉबेरी चार तासांत पिके आणि भात बारा तासांत.

पण गोम त्या बारा तासांतच होती. पीक तयार झाल्यावर ठरावीक अवधीत कापले नाही तर ते कोमेजून जाई. म्हणजे सकाळी पेरले तर रात्री हजर राहणे भाग. शेत वाढवायचे तर शेजारी हवेत, म्हणून मित्रांना आमंत्रणे पाठवायची. तसे करायचे नसेल तर खरे पैसे मोजायचे. खेळाचा आनंद जिंकण्या-हरण्यातून उचलून 'हजेरी चुकली तर नुकसान होईल' या भीतीत ठेवलेला होता. फुकट खेळणाऱ्यांची प्रचंड गर्दी आणि तिच्यातील थोड्या लोकांनी मोजलेले पैसे, यावर सगळा व्यवहार उभा राहिला.

मोबाइलवरील आजच्या बहुसंख्य मोफत खेळांची बैठक हीच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यापाड्यांत संगणकाला वळसा घालून खेळ थेट हातातल्या फोनवर पोहोचले. रोज उघडल्यास वाढत जाणारे बक्षीस, संपणारे 'जीव' आणि ते परत मिळण्यासाठी थांबणे, आत काय आहे हे न सांगता विकली जाणारी पेटी, मित्रांच्या पुढे मिरवण्यासाठी विकत मिळणारा पोशाख, अशा युक्त्या त्यांत सर्रास आढळतात. न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांना बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये जुगार ठरवले. पबजीवर भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. पण या बंदीचे कारण देशाची सुरक्षा आणि माहितीची गळती हे होते, मुलांचा वेळ किंवा पालकांचा पैसा हे नव्हे.

सगळेच मोफत मोबाइल खेळ या एका मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला 'लुडो किंग' जाहिराती दाखवतो, आतल्या आत विक्रीही करतो. तरीही २०२० च्या टाळेबंदीत निरनिराळ्या गावी अडकलेल्या कुटुंबांना त्याने एका पटाभोवती बसवले, हेही खरे. पचिसी येथून इंग्लंडला गेली, १८९६ मध्ये 'लुडो' नावाने तिचे पेटंट घेतले गेले आणि सव्वाशे वर्षांनी ती फोनवर परत आली.

खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे. फुकट खेळाच्या सवयीने सरावलेल्या बोटाला 'थोडे पैसे लावा, जास्त जिंका' म्हणणारा खेळ फारसा वेगळा वाटत नाही. कालपर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या, १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या गोंदियात जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी छापा घातला, तो अशाच प्रकरणात. ऑनलाइन खेळाच्या अॅपवरून ५८ कोटी रुपयांना फसवले गेल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. बक्षिसाच्या आशेने पैसे लावून खेळायचे खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठीचे बँक व्यवहार यांवर त्यात बंदी आहे. असा खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोशाख, पेट्या आणि 'जीव' विकणारा मोफत खेळ मात्र या व्याख्येत बसत नाही. तेथे पालकांनाच जागे राहावे लागते. घरातला एकच फोन, त्यालाच यूपीआय जोडलेले आणि तोच मुलाच्या हातात, ही आजची सर्वसाधारण स्थिती आहे. खरेदीच्या वेळी दर वेळी पासवर्ड विचारला जाईल, अशी सोय प्ले स्टोअरमध्ये आहे. ती सुरू करायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

देणारा काहीच मागत नाही तेव्हा

याच्या अगदी उलट टोकाला मुक्त खेळ आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खेळ नव्हते. संपूर्ण संगणकप्रणाली होती. ती कोणत्याही कामासाठी वापरता यावी, आतून पाहता व बदलता यावी, तिच्या प्रती वाटता याव्यात आणि बदललेल्या प्रतीही वाटता याव्यात, अशी ही कल्पना. १९८९ मध्ये 'जीपीएल' या परवान्याने तिला कायद्याचे रूप दिले. या परवान्याखाली पुढे शेकडो खेळ लिहिले गेले. 'फ्रीसिव्ह' १९९५ मध्ये डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला, 'बॅटल फॉर वेस्नॉथ' २००३ मध्ये आला. दोन्ही अजून जिवंत आहेत. सीडी देणारे मासिक बंद पडले, संकेतस्थळ बंद झाले किंवा मूळ लेखक कंटाळला तरी असा खेळ मरत नाही, कारण दुसरा कोणीही तो पुढे नेऊ शकतो. फ्लॅशच्या बाबतीत जे घडले ते येथे घडू शकत नाही.

लहान मुलांसाठी यातला सर्वांत मोलाचा संच म्हणजे 'जीकोंप्री'. ब्रुनो कुडोआँ या फ्रेंच अभियंत्याने २००० मध्ये त्याची सुरुवात केली. 'मला समजले' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरची कोटी म्हणजे हे नाव. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात दीडशेहून अधिक छोटे खेळ आहेत: माऊस हलवणे, अक्षरे टिपणे, घड्याळ वाचणे, वजनकाट्याची पारडी समान करणे, नकाशाचे तुकडे जुळवणे, बुद्धिबळाचे सोपे डाव. जाहिरात एकही नाही, विक्री नाही, आणि एकदा बसवल्यावर इंटरनेटही लागत नाही. बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये आणलेले 'टक्स पेंट' हे चित्र काढण्याचे साधन त्याच जातीचे. 'टक्स मॅथ'मध्ये आकाशातून बेरजा-गुणाकार अंगावर येतात आणि बरोबर उत्तर टाइप केल्याशिवाय ते फुटत नाहीत. पाढे पाठ करून घेण्याचा इतका कमी रडारडीचा मार्ग क्वचितच सापडेल.

हे खेळ जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर चालतात. शासनाच्या आयसीटी योजनेतून माध्यमिक शाळांना संगणक मिळाले. पण यंत्र शाळेत येणे आणि मुलाच्या हातात येणे यांत अंतर असते. नव्या खेळांना महागडी यंत्रे लागतात. जीकोंप्रीला किंवा टक्स मॅथला ती लागत नाहीत. वीज असली आणि यंत्र सुरू होत असले की काम भागते. वर्गातल्या सगळ्या संगणकांवर तीच प्रत पेन ड्राइव्हने बसवली तरी कायदा मोडत नाही. उलट परवान्याची तशीच इच्छा आहे.

हे केवळ मनोराज्य नाही, याची साक्ष केरळ देते. तेथील शासनाने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले आणि प्राथमिक वर्गांच्या संगणक पुस्तकांना 'कळिप्पेट्टि' म्हणजे 'खेळांची पेटी' असे नाव दिले. जीकोंप्री आणि टक्स पेंट यांसारखे खेळ तेथे अभ्यासाला जोडलेले आहेत. महाराष्ट्रात असे खेळ वापरणारे उत्साही शिक्षक भेटतील. पण सबंध राज्याने असा निर्णय घेतल्याचे दिसत नाही.

मोठ्या मुलांसाठीच्या मुक्त खेळांत 'झिरो ए.डी.' उल्लेखनीय आहे. प्राचीन साम्राज्ये उभारण्याचा हा खेळ. रोम, कार्थेज, ग्रीस यांच्या जोडीला त्यात मौर्यांचे साम्राज्यही निवडता येते. चंद्रगुप्त, चाणक्य, अशोक ही त्यातील नायकमंडळी. हत्ती कामाला जुंपता येतात, शिलास्तंभ उभारता येतो आणि या साम्राज्याची सर्वांत भव्य वास्तू म्हणजे महास्तूप. ज्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन करून प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आणले, त्या पवनीच्या मुलाने पडद्यावर स्तूप बांधावा आणि मग गावातली टेकडी चढून पाहावी, यापेक्षा इतिहासाचा चांगला तास कोणता? या खेळाला जीकोंप्रीपेक्षा बरे यंत्र लागते, हे येथे नोंदवले पाहिजे. त्यात लढाया आहेत, हेही.

चौसष्ट घरे

विनामूल्य खेळाच्या मोलाबद्दल शंका घेणाऱ्यांनी बुद्धिबळाकडे पाहावे. भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. असे यश घरच्या पाठबळावर, प्रशिक्षकांवर आणि अखंड प्रवासावर उभे असते. ते फुकट मिळत नाही. परंतु ज्या साधनांशिवाय आज बुद्धिबळाचा गंभीर अभ्यासच होत नाही, त्यांतील काही उत्तम साधने विनामूल्य आणि मुक्त आहेत.

'स्टॉकफिश' हे डावाचे विश्लेषण करणारे इंजिन २००८ मध्ये आले. जगज्जेत्यांनाही सहज हरवील एवढी त्याची ताकद आहे आणि त्याची चाचणी जगभरातील स्वयंसेवक स्वतःचे संगणक उसने देऊन करतात. 'लिचेस' हे संकेतस्थळ थिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणाने २०१० मध्ये सुरू केले. ते देणग्यांवर चालते. तेथे जाहिरात नाही, पैसे भरून मिळणारी वेगळी सोय नाही. देणगीदाराला नावापुढे एक छोटे चिन्ह मिळते, इतकेच. कोडी, सराव, विश्लेषण सगळ्यांना सारखेच. आणि मजकूर मराठीत वाचण्याची सोयही आहे. लाखांदूरच्या मुलीला रात्री दहा वाजता तोडीचा प्रतिस्पर्धी गावात मिळणार नाही. येथे तो अर्ध्या मिनिटात मिळतो. पंचवीस वर्षांपूर्वी ही सोय पैसे टाकूनही मिळत नव्हती.

बुद्धिबळानेही वेळ खाल्ला जातो, हे खरे. एक-एक मिनिटाचे डाव सलग खेळत बसणारी मुले आणि मोठी माणसे कमी नाहीत. फरक इतकाच की, तेथे 'आणखी एक डाव' म्हणणारा खेळणारा स्वतः असतो. त्याला खेचून धरण्यात खेळ चालवणाऱ्याचा कसलाही फायदा नसतो.

मग हे खेळ दिसत का नाहीत?

कारण त्यांची जाहिरात करायला कोणाकडे पैसा नाही. प्ले स्टोअरमध्ये 'मुलांचे खेळ' शोधले तर सर्वांत वर येतात ते ज्यांनी वर येण्यासाठी खर्च केला आहे असे खेळ. मुलेही शेजारच्या मुलाकडे असलेला खेळ मागतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. खेळाची निम्मी गोडी सोबत्यांत असते. चित्रे आणि चकचकाट यांत मुक्त खेळ अनेकदा कमी पडतात. काहींची मांडणी कंटाळवाणी आहे, काही अर्धवट सोडून दिलेले आहेत. कोणीतरी जाणत्याने निवडून, बसवून, पहिल्या दिवशी शेजारी बसून दाखवले तरच ते रुजतात.

दुसरी अडचण भाषेची. ग्नोम आणि केडीई या मुक्त प्रणालींचे मराठी रूप स्वयंसेवकांनी दोन दशकांपूर्वीच घडवायला घेतले. खेळांच्या वाट्याला मात्र ते श्रम कमी आले. सूचना इंग्रजीत ऐकू येतात तेव्हा पहिलीतले मूल चित्रावरून अंदाज बांधते, आणि अंदाज चुकला की खेळ सोडते. घरी झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठीही शाळेत आल्यावर नव्यानेच भेटते. त्याला परक्या भाषेतील आवाज आणखीच दूरचा वाटतो. जीकोंप्रीसारख्या खेळात आवाजाच्या फायली वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या त्या भाषेचे लोक त्या ध्वनिमुद्रित करून देतात. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. स्पष्ट उच्चार करणारी शिक्षिका, शांत खोली आणि साधा फोन एवढ्यावर अंक, अक्षरे, रंग, प्राणी यांची नावे एका दुपारी मुद्रित होऊ शकतात. परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही. मुद्रित फायली प्रकल्पाकडे पाठवल्या, त्या तपासून स्वीकारल्या गेल्या, की पुढच्या आवृत्तीपासून त्या तुमसरपासून न्यू जर्सीपर्यंत जेथे जेथे मराठी मूल हा खेळ उघडील तेथे ऐकू येतात.